अंगणाला आणि शेतातल्या वाटेला खडी किती ब्रास लागेल? जमीन भारी काळी आहे

तेरणाकाठचा

राम राम मंडळी. गाव औसा तालुक्यात, तेरणेच्या अलीकडं. गावठाणातलं आमचं जुनं घर दगड-मातीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्याच्या भिंती फाटल्या आणि तेव्हापासून त्यात कुणी झोपलं नाही. बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, तीन वर्षांपूर्वी शेतातच तीन खोल्या बांधल्या. घर मनासारखं झालं. पण भोवतालची जमीन अशी की उन्हाळ्यात भेगेत हात जातो आणि मृगाचा पाऊस पडला की रुतलेला पाय निघत नाही. उंबऱ्यापासून पाणंदीपर्यंत सगळा चिखल. आई ७३ वर्षांची आहे. मागच्या भाद्रपदात न्हाणीकडं जाताना घसरली, मनगट मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात होता. येत्या मृगाआधी अंगण आणि वाट चालण्यासारखी करायचीच, असं ठरवलंय.

सिमेंट काँक्रीट करायचं नाही. बोअर घराला लागूनच आहे, छपराचं आणि अंगणाचं पाणी तिथंच जिरलं पाहिजे. म्हणून खडी.

हे काम एकदा फसलंय, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका खडीवाल्याला विचारलं. त्यानं जागा न बघताच सांगितलं, "दोन ब्रास बास झाली." दोन ट्रॉल्या पाऊण इंची खडी आली, दोन ब्रासचे पैसे घेतले. आम्ही घरच्या घरी ती काळ्या मातीवरच पसरली. आठ दिवस अंगण बघण्यासारखं होतं. दिवाळीला बघितलं तर खडी गायब. खोऱ्यानं उकरलं तर चार बोटं खाली मातीत बसलेली. कष्टाचा पैसा जमिनीनं गिळला.

आता मापं घेऊन विचारतोय.

अंगण सरळ चौकोनी नाही. घरापुढं ४२ फूट बाय २४ फूट, आणि चुलीच्या बाजूला त्याला जोडून ३० फूट बाय १२ फुटांची पट्टी. मध्ये तुळशीचा ओटा ४ बाय ४, पाण्याचा हौद ८ बाय ६, आणि लिंबाला गोल पार, त्याचा व्यास ९ फूट. पाणंदीपासून दारापर्यंतची वाट ११५ फूट लांब, १० फूट रुंद, त्यावरून ट्रॅक्टर येतो-जातो.

खडी किती लागेल? कुठली घ्यावी? आणि अजून एक घोळ आहे. फरशीवाला मिस्त्री म्हणतो तुमचं अंगण बारा-साडेबारा ब्रास आहे. मग खडी पण बारा ब्रास घ्यायची का? दोन ट्रॉल्या कुठं आणि बारा ब्रास कुठं, काहीच मेळ लागत नाही.

जुना_मुकादम

राम राम भाऊ. मापं नीट घेऊन विचारलंत, बरं केलंत. बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर ३१ वर्षं काम केलंय, मैलकुली म्हणून लागलो आणि मुकादम होऊन निवृत्त झालो. जेवढं येतं तेवढं सगळं सांगतो.

आधी ब्रासचा घोळ मिटवू. ब्रास दोन आहेत. फरशी, गिलावा, रंग यांची ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. तुमच्या मिस्त्रीनं ती सांगितली. खडी, मुरूम, वाळू, डबर यांची ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट उंच एवढा माल. मीटरमध्ये २.८३ घनमीटर. दोन्हीत जाडीचा फरक आहे आणि जाडी सांगितल्याशिवाय खडीचा हिशेबच होत नाही. जो माणूस "किती जाड?" हे न विचारता ब्रास सांगतो, तो अंदाजानं सांगतो.

हिशेब सोपा आहे. लांबी फुटात घ्या, रुंदी फुटात घ्या, जाडी इंचात घ्या. तिन्हींचा गुणाकार करून १२०० नं भागा, उत्तर ब्रासमध्ये येतं. १०० घनफुटांची ब्रास आणि १२ इंचांचा फूट, म्हणून १२००. तोंडी ठेवायचं तर एक ब्रास खडी २ इंच जाडीनं ६०० चौरस फूट झाकते, ३ इंचानं ४०० आणि ४ इंचानं ३००. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, त्याला २ इंच खडी टाकायची तर पावणेदोन ब्रासच्या थोडी वर लागते.

तुमचं अंगण वेडंवाकडं आहे तर त्याचे दोन चौकोन करा. ४२ गुणिले २४ म्हणजे १००८. पट्टी ३६०. बेरीज १३६८. त्यातून ओट्याचे १६, हौदाचे ४८ आणि पाराचे ६४ वजा. गोलाला साडेचार गुणिले साडेचार गुणिले ३.१४ केलं की ६४ च्या आसपास येतं. राहिले १२४० चौरस फूट. २ इंच खडीला १२४० गुणिले २ भागिले १२००, म्हणजे २.०७ ब्रास.

मग मागच्या वेळी दोन ब्रास आणली तरी कमी का पडली? तुमच्या त्या ट्रॉलीचं आतलं माप घेतलं होतं का? आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्या आतून १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद, दीड फूट उंच असतात. गुणाकार ८२.५ घनफूट. ती ब्रास नव्हे, ते १०० तले साडेब्याऐंशी आहेत. दोन ट्रॉल्यांचे झाले १६५. तुमच्या अंगणावर ती खडी दीड इंचाच्या जरा वर बसली असणार. पाऊण इंची खडी दीड इंच पसरली म्हणजे दगडावर जेमतेम दुसरा दगड. थर कमीत कमी सगळ्यात मोठ्या दगडाच्या दुप्पट तरी पाहिजे, आणि काळ्या जमिनीवर थोडा जास्तच.

पण खरं सांगू का, पूर्ण दोन ब्रास टाकली असती तरी ती गेलीच असती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते. वरून पाय पडला, जनावर गेलं, की दगड खाली आणि माती वर. उन्हाळ्यात भेगा पडल्या की उरलेली खडी भेगेत जाते. वर्ष-दोन वर्षं नवी खडी ओतत राहिलात तरी तेच होणार. मधे मुरूम पाहिजे. मुरूम हा खरा खर्च आहे आणि तोच लोक वाचवायला बघतात.

अंगणातली काळी माती ६ इंच काढा. ती टाकून देऊ नका, सोनं आहे, परसात नाहीतर बांधाला टाका. ६ इंच म्हणजे जागेवर ६.२ ब्रास माती, पण खणलेली माती फुगते, तुमच्या ट्रॉलीनं दहाएक खेपा होतील. तळाला घरापासून बाहेर उतार द्या, ५० फुटाला १ फूट या बेतानं. तुमच्या २४ फुटांत ते जवळपास ६ इंच येतं. त्यावर मुरूम दबून ४ इंच राहील एवढा. इथं लोक चुकतात. सुटा मुरूम दबतो, त्याला तीस टक्के वाढवून धरायचं. म्हणजे पसरताना सव्वापाच इंच. १२४० गुणिले ४ भागिले १२०० म्हणजे ४.१३ ब्रास, त्याला १.३ नं गुणलं की ५.४ ब्रास मुरूम. पाणी मारून रोलर फिरवा. त्यावर २ इंच पाऊण इंची खडी.

वाटेचं वेगळं आहे, तिथं ट्रॅक्टर आहे. त्यावर उद्या लिहितो. गावातलं जुनं घर पाडलंत का? दगड आहेत का शिल्लक?

पांढरे_गोटे

मध्येच विचारतो, माफ करा. छत्रपती संभाजीनगरला फ्लॅटच्या तळमजल्यावर छोटी बाग आहे. ८ फूट बाय ३ फुटांच्या वाफ्यावर पांढरे गोटे टाकायचेत. दुकानदार ४० किलोच्या गोण्या देतो. किती घेऊ?

जुना_मुकादम

दीड इंच थर पुरे होईल. २४ चौरस फूट, त्याचे झाले ३ घनफूट. सुटा दगड एका घनफुटाला ४२ ते ४५ किलो भरतो, म्हणजे १३० किलोच्या आसपास. चार गोण्या घ्या. खाली जाड, न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं) कापड अंथरा, प्लास्टिक अंथरू नका. प्लास्टिकवर पाणी तुंबतं आणि झाडाची मुळं सडतात.

परभणीची_लेक

तेरणाकाठच्या दादा, मुकादम काकांनी हिशेब अगदी नीट सांगितलाय. मला फक्त तुमच्या आईंबद्दल बोलायचंय, म्हणून लिहितेय.

आमच्या सासूबाईंचं वय ७० होतं तेव्हा आम्ही अंगणात अशीच खडी टाकली. चिखल गेला. पण सुट्या खडीवर म्हातारं माणूस कसं चालतं ते आम्ही बघितलंच नव्हतं. पाय टाकला की खडी सरकते, टाच आत जाते, घोटा मुरगळतो. त्या अनवाणी चालणाऱ्या, टोकदार खडी तळव्याला बोचायची म्हणून कडेकडेनं भिंत धरून जायच्या. एका पहाटे तिथंच पडल्या आणि खुबा मोडला. त्यानंतर त्या कधी काठीशिवाय चालल्या नाहीत. ही गोष्ट मला आजही टोचते, कारण ते अंगण माझ्या आग्रहानं केलं होतं.

तुमच्या आई चिखलात घसरल्या म्हणून तुम्ही हे करताय. तर त्यांची जी नेहमीची पायवाट आहे, दारातून न्हाणी, न्हाणीतून संडास, तुळस, चूल, तिथं सुटी खडी टाकूच नका. शहाबादी फरशी घाला, दोन बाय दोनची, घासून गुळगुळीत केलेली नको, खरबरीत पाठीची. मुरमावर डस्टचा, म्हणजे क्रशरवरच्या दगडाच्या भुकटीचा, थर देऊन बसवा, सांधे डस्टनंच भरा, पाणी जिरत राहतं. फरशी बाजूच्या खडीच्या बरोबरीनं बसवा, वर काढली तर ठेच लागते. आणि रुंदी चार फूट ठेवा. एक माणूस आजीचा हात धरून शेजारून चालू शकेल एवढी.

आधी आईंना विचारा त्या दिवसभरात कुठून कुठं जातात. आपल्याला वाटते ती वाट वेगळी असते.

तेरणाकाठचा

ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि मला स्वतः चालून दाखवलं. मी फरशी दारातून सरळ न्हाणीला नेणार होतो. ती सरळ जातच नाही. आधी हौदावर जाते, तांब्या भरून घेते, मग लिंबाच्या पाराच्या कडेनं वळते, कारण तिथं हात टेकायला पार आहे. ही वाट सुतळीनं मोजली, ४६ फूट भरली. ४ फूट रुंदीनं १८४ चौरस फूट. दोन बाय दोनच्या ४६ फरश्या. अंगणातून तेवढे वजा केले तर खडीला १०५६ चौरस फूट राहतात, म्हणजे २ इंचाला १.७६ ब्रास. दहा टक्के वर धरून १.९४. बरोबर आहे का काका?

मुकादम काका, जुन्या घराच्या दोन भिंतींचे दगड तसेच पडून आहेत. १९९३ नंतर त्या दगडांना हात लावायला घरात कुणाचं मन होत नव्हतं. तुम्ही विचारलं आणि मी आईला विचारलं, हे दगड वाटेत घातले तर चालेल का. ती म्हणाली, "घाल की. डोक्यावरनं पायाखाली येऊ दे."

आणि एक गोष्ट कळली जी मला ४५ वर्षांत माहीत नव्हती. आईनं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलीय. तेव्हा तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. रस्त्याच्या कामावर पूर्ण गाव होतं, बायका रांगेनं बसून दगड फोडायच्या, बोटांना चिंध्या बांधलेल्या. दुपारी सुकडी मिळायची. मजुरी मापावर होती. फोडलेल्या खडीचे चट्टे, म्हणजे मोजता येतील असे चौकोनी ढीग, लावायचे आणि आठवड्यानं माप घेणारा यायचा. मी तिला १२०० चा हिशेब समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, "ब्रास मला शिकवू नगंस. त्या ब्रासवर घर चाललंय आपलं." चट्ट्यात मधे पोकळी सापडली की पूर्ण टोळीची मजुरी कापायचे, म्हणून त्या बायका एकमेकींचे चट्टे तपासायच्या. उंची एका जागी कधी घ्यायची नाही, चार कोपरे आणि मधला भाग अशी पाच जागी घ्यायची, हे तिला अजून पाठ आहे.

तिच्याच देखरेखीखाली परवा जुन्या भिंतींचे दगड माती झटकून चट्ट्यात लावले. २० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. ३६० घनफूट, ३.६ ब्रास. ते वाटेला कसे वापरू?

जुना_मुकादम

भाऊ, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. माझी आई पण त्याच वर्षी खडीवर होती, आमच्याकडं मिलोच्या लाल भाकरी खाऊन. मी मुकादम झालो तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं होतं की बायांचं माप मारू नको.

अंगणाचा हिशेब तुमचा बरोबर आहे. २ ब्रास मागवा.

वाटेला त्या दगडांचं सोलिंग करा. दगड उभे बसवायचे, रुंद बाजू खाली, टोक वर, एकमेकांना चिकटवून, मधल्या फटीत लहान चिपा ठोकायच्या. ६ इंच सोलिंगला ३६० घनफुटांत ७२० चौरस फूट होतात. तुमची वाट १० फुटी, म्हणजे ७२ फूट लांबी निघेल. ११५ पैकी सगळ्यात खोलगट आणि पाणी धरणारे ७२ फूट निवडा. तुमच्याकडं बहुतेक ते पाणंदीकडचं टोक असणार. उरलेल्या ४३ फुटांना ६ इंच दबलेला मुरूम. ४३ गुणिले १० गुणिले ६ भागिले १२००, २.१५ ब्रास, दाबासकट २.८. सोलिंगच्या फटी भरायला दगडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मुरूम जातो, १.२ ब्रास धरा.

त्यावर पूर्ण वाटेला दीड इंची खडी, म्हणजे ४० एमएम. रोलरखाली ४ इंच सुटी खडी दबून ३ इंच होते, म्हणून मागवताना ४ इंचांचीच मागवायची. ११५ गुणिले १० गुणिले ४ भागिले १२००, ३.८३ ब्रास. वरून मुरूम आणि डस्ट पाण्यानं झिरपवायला अजून एक ब्रास. सगळा मुरूम मिळून अंगणाचा ५.४ आणि वाटेचा ५.

दोन्ही कडांना मातीत दगड गाडून बांध घाला, नाहीतर ट्रॅक्टरचं चाक खडीला बाहेर ढकलत राहतं. रोलर नाही मिळाला तर भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर वीस-पंचवीस वेळा पुढंमागं फिरवा, प्रत्येक वेळी चाकाची जागा बदलून, मुरूम ओलसर ठेवून. मुरूम मृगाआधी होऊ द्या. जमलं तर एक वळवाचा पाऊस त्याच्यावर पडू द्या, कुठं खचतंय ते दिसतं, ते भरून मग खडी टाका.

खडीचा_टिपर

मी जालना जिल्ह्यात खडी वाहतो. मुकादम काकांचा हिशेब पक्का आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

क्रशरवर हल्ली बऱ्याच जागी टनावर देतात. काळ्या दगडाची पाऊण इंची सुटी खडी ब्रासला साधारण सव्वाचार टन भरते, चार ते साडेचारच्या मधे. काट्याची पावती बघून त्याला सव्वाचारनं भागा, ब्रास कळते. डस्ट मात्र ओली असेल तर टनावर घेऊ नका, पाण्याचे पैसे जातात. आणि ओली डस्ट मापात पण फुगते, म्हणून कोरडी असतानाच घ्या.

गाडीचं माप घेताना फाळक्याच्या आतून घ्या आणि माल कुठवर भरलाय ते बघा. क्रशरवरून शीग लावून निघालेली गाडी वीस-पंचवीस किलोमीटर आली की खडी बसते, फाळक्याच्या बरोबरीला येते. ते खरं माप, त्यात कुणी फसवत नाही. पण फाळक्याच्या चार बोटं खाली असेल तर विचारा. आणि मुरूम असो की खडी, वाहतुकीचा पास बघून घ्या. नदीतले गोटे किंवा रात्री येणारा स्वस्त मुरूम घेऊ नका, तहसीलनं पकडलं तर तुमच्या दारात पंचनामा होतो.

गणित_मास्तर

अंबाजोगाईहून लिहितो आहे. शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं. गाडी रिकामी होऊन गेल्यावर जमिनीवर पडलेला ढीग कसा मोजायचा हे कुणी लिहिलं नाही, आणि खरी अडचण तिथंच येते. गाडी निघून जाते, मागं ढीग उरतो आणि वाद.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त राशिव्यवहार नावाचं प्रकरणच आहे, धान्याच्या राशीचं. रीत अशी: राशीचा परिघ मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, आणि उंचीनं गुणा. तेवढे घनहात. आपण फुटात मोजलं तर घनफूट. आजच्या शंकूच्या सूत्रानं परिघाच्या वर्गाला उंचीनं गुणून ३७.७ नं भागायचं असतं. सहाचा वर्ग ३६. फरक साडेचार टक्क्यांचा. खळ्यावर तोंडी हिशेब करायला याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. मी दरवर्षी नववीच्या मुलांना मैदानात वाळूचा ढीग करून ही रीत शिकवायचो, आणि शेतकऱ्यांची मुलं सगळ्यात आधी उत्तर काढायची.

त्यांनी उंचीही दिली आहे. जाड दाण्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाएवढी असते, बारीक दाण्याची अकराव्या, कुसळाच्या धान्याची नवव्या. खडीच्या मोकळ्या ढिगालाही दहावा भाग जवळपास लागू पडतो. तुमच्या ८२.५ घनफुटांच्या ट्रॉलीचा ढीग नीट गोल पडला तर परिघ ३१ फुटांच्या आसपास आणि उंची ३ फुटांच्या जरा वर यायला हवी. पडताळून बघा. ढीग लांबट पडला असेल तर खोऱ्यानं गोल ओढून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

उंची काठी उभी खुपसून मोजू नका, काठी जमिनीत जाते. शेजारी उभी धरा आणि शेंड्यावरून दुसरी काठी आडवी टेकवा.

तेरणाकाठचा

काम काल संपलं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे मनापासून आभार. आकडे सांगतो, पुढं कुणाला उपयोगी पडतील.

मुरूम साडेअकरा ब्रास लागला, अंदाज १०.४ चा होता. पाणंदीजवळ एक जागा वळवाच्या पावसानं खचली, मुकादम काकांनी सांगितलं होतं तशीच. तिथं मुरूम वाढला, आणि दीड इंची खडीही ३.८३ ऐवजी ४.१ ब्रास गेली. अंगणाची पाऊण इंची खडी २ ब्रासमध्ये बसली. फरश्या ४६ धरल्या होत्या, दोन आणताना फुटल्या, ४८ घेतल्या. फरशीखाली डस्ट अर्धी ब्रास.

मास्तर, तुमच्या रीतीचं सांगायचं राहिलं. पाऊण इंची खडी घेऊन पहिली ट्रॉली आली. चालक म्हणाला एक ब्रास आहे. तो ढीग ओतून पाणी प्यायला थांबला. आईनं सुतळी आणली, ढिगाभोवती फिरवली, मी टेपनं मोजली, ३१ फूट. उंची पावणेतीन फूट. मी मोबाईल काढून हिशेब करायला लागलो, तोवर आई म्हणाली, "ही पाऊण ब्रास हाय. ब्रास न्हाई." माझं उत्तर आलं ७३ घनफूट. ५० वर्षांहून जास्त काळ गेला तिनं दुष्काळात खडीचे चट्टे लावून.

चालक तरुण पोरगा होता. तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, मालकानं भरून दिलं तेच आणलं मी." आईनं त्याला चहा दिला आणि त्याच्यासमोर पुन्हा सुतळी फिरवून दाखवली, परिघ कुठून धरायचा, उंची कशी घ्यायची. पुढच्या खेपेला तो स्वतःच ट्रॉलीचं आतलं माप चिठ्ठीवर लिहून घेऊन आला आणि कमी पडलेली खडीही घातली.

परभणीच्या ताई, फरशी हौदावरून, पाराच्या कडेनं वळवून न्हाणीपर्यंत नेली. आई आज पहाटे तांब्या घेऊन त्यावरून गेली. मी दारात उभा होतो. तिनं पाराला हात टेकला नाही.